शतावरी सोलताना सांगितलेलं

हे लिहायला बसण्याचा मला खरं तर अधिकार नाही. लिहायचं आहे एका जर्मन कादंबरीकार बाईंविषयी, आणि त्यांच्या सात कादंबऱ्यांपैकी मी वाचल्या आहेत दीड. त्याही मांडीवर शब्दकोश घेऊन, पानाला अर्धा तास या वेगाने. मी शिकतो केमिकल इंजिनिअरिंग. पंप, झडपा, बॉयलर यांच्यावर चार पानं मागितली तर देईन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे पुस्तकांविषयी मोठी माणसं कशी बोलतात हे जेवताना कानावर पडलेलंही नाही. त्यातून या बाईंवर मी एक अख्खा मोसम संशय घेतला. ज्याने संशय घेतला त्याने आठवणी लिहू नयेत, असं मलाच कधी कधी वाटतं. मराठी मंडळाच्या अंकाला लेख हवा होता आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, एवढंच माझं समर्थन. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

एप्रिल लागला आणि इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, शतावरीच्या लाकडी टपऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या. इथे तिला श्पार्गल म्हणतात. आपल्याकडची शतावरी म्हणजे मुळ्या, वैद्याच्या दुकानातली पूड. ही तिची गोरी चुलत बहीण. पांढरी, बोटाएवढी जाड, जमिनीतून सरळ वर येणारी. तिच्यासाठी मातीचे लांबच लांब वरंबे करतात, त्यांवर प्लास्टिक घालतात आणि कोंब उजेडात यायच्या आधीच मातीत हात घालून, लांब सुरीने कापतात. उजेड लागला की टोक जांभळं पडतं, आणि मग गिऱ्हाईक नाक मुरडतं. चोवीस जूनला मोसम संपतो, म्हणजे संपतोच. त्यानंतर कापायची नाही, झाडाला श्वास घेऊ द्यायचा. या अडीच महिन्यांत इथली एरवी मोजून बोलणारी माणसं अचानक वेड्यासारखी बोलायला लागतात, आणि विषय एकच असतो: यंदाची कशी आहे?

दोन वर्षांपूर्वीच्या त्या मोसमात मी या कादंबरीकार बाईंच्या, म्हणजे फ्राऊ ओस्टरवाल्ड यांच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी शतावरी सोलत होतो.

त्या घरात मी कसा पोचलो, हे आधी सांगतो. पहिलं सेमिस्टर मी एका ओळखीच्याच्या सोफ्यावर काढलं. मग विद्यापीठाच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली. या देशात अशी पद्धत आहे की एकटं राहणारं वयस्कर माणूस विद्यार्थ्याला खोली देतं, भाडं घेत नाही, त्याबदल्यात मदत घेतं. खोली जितके चौरस मीटर, तितके तास महिन्याला. बागकाम, बाजारहाट, जिन्यावरून ओझी. बाई स्वतः मीटरपट्टी घेऊन आल्या, मला एक टोक धरायला लावलं आणि खोली मोजली. खोली तळमजल्याला मागून जोडलेली, छप्पर उतरतं होतं. म्हणाल्या, "जिथे ताठ उभं राहता येत नाही ती जागा अर्धी धरायची." अशी ती चौदा भरली. मोजणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटला आणि त्याच क्षणी भीतीही. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाल आहेत. फोनवर सगळं ऐकून ते म्हणाले, "बाबा रे, फुकट पोतं कुणी उचलत न्हाई. खोली फुकट देतीय म्हंजे बाई काय तरी घेणार. काय घेतीय तेवढं बघून ठेव."

मी बघून ठेवू लागलो.

बाई शहात्तर वर्षांच्या होत्या. पुरुषी सदरा, बाह्या कोपरापर्यंत, चष्मा दोरीला. मला त्या "हेर कांबळे" म्हणत. माझ्या नावाच्या आधी सन्मानाचं काही लावणारं पहिलं माणूस तेच. पहाटे पाचला त्या वरच्या मजल्यावर जात, नऊपर्यंत लिहीत, आणि उरलेला दिवस, माझ्या समजुतीप्रमाणे, पुढच्या पाचासाठी माल गोळा करीत. वरच्या त्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते, जुन्या दवाखान्यात केसपेपर ठेवायचे असतात तसे. प्रत्येक खणात छोटी कार्डं. कादंबरी त्या थेट लिहीत नसत. आधी कार्डं साठवायची, वर्षानुवर्षं, आणि खण भरला की मग पान. हे मला त्यांनीच पहिल्या आठवड्यात, लपवाछपवी न करता, दाखवलं होतं. पुढे मला वाटत राहिलं की दाखवणं हीच लपवण्याची सगळ्यात हुशार रीत असणार.

सोलायला त्यांनी शिकवलं. कांडी हातावर आडवी घ्यायची, टोकाला हात लावायचा नाही, टोकाच्या खालून सुरू करून बुडापर्यंत एकच पट्टी, मग फिरवायची. एक पट्टी राहिली तरी खाताना दोरा दाताखाली येतो. ताजी ओळखायची तर दोन कांड्या एकमेकींवर घासायच्या. ओल्या काचेवर बोट फिरवावं तसा आवाज आला पाहिजे. सालं टाकायची नाहीत, त्यांचं सूप. मी घरी फोनवर सांगितलं तर आई हसायलाच लागली. "शतावरी? आरं ती बाळंतिणीला देत्यात, दूध उतरावं म्हणून. तुला कशाला घालतीय ती बाई?"

हात गुंतले की जीभ सुटते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाईंना होतं. समोरासमोर बसवून त्यांनी विचारलं असतं तर मी नीट, नमुना उत्तरं दिली असती, व्हिसाच्या खिडकीत देतात तशी. पण नजर कांडीवर, त्यांचीही आणि माझीही. त्या विचारत: तुमच्या गावात संध्याकाळी कसला वास येतो? हळदीचा, मी म्हणे. वडिलांच्या मानेच्या वळ्यांतून आंघोळ करूनही न जाणारा. तुमची आई हसते तेव्हा तोंडावर हात धरते का? असले प्रश्न. एकदा मी विचारलं, "फ्राऊ ओस्टरवाल्ड, हे बोलणं चौदा तासांत धरायचं का?" त्या म्हणाल्या, "नाही. बोलणं फुकट. म्हणून तर माणसं जास्त बोलतात."

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी त्यांना ते सांगितलं.

आई एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात कामाला होती. मी नऊ वर्षांचा. शाळा सुटली की मागच्या पायरीवर बसून तिची वाट बघायचो. एक दिवस एका मुलीची सोन्याची चेन सापडेना. कामाला सहा बायका होत्या. विचारणा फक्त आईकडे झाली. का, ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अंगणात, मुलींच्या देखत, रेक्टरबाईंनी तिची पिशवी उलटी केली. कंगवा, बसचा पास, कागदात गुंडाळलेल्या दोन चपात्या आणि माझी अर्धी पेन्सिल खाली पडली. चेन नव्हती. कुणी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून आई गेली नाही, तरी "काढून टाकली" असंच गल्लीत झालं, आणि वर्षभरात आम्ही ती गल्ली सोडली. घरात या गोष्टीवर पुन्हा कधी कुणी बोललं नाही. मी तर कॉलेजातल्या जिवलग मित्रालाही सांगितली नव्हती. इथे, एका परक्या बाईच्या ओट्याशी, अर्धा किलो शतावरी होईपर्यंत सगळी सांगून मोकळा झालो.

बाईंनी हातातली कांडी सोलून संपवली. सुरी ठेवली, हात धुतले, कोरडे केले आणि वर गेल्या. जिना लाकडी होता, तेरा पायऱ्यांचा. तेराव्या पायरीनंतर खण ओढल्याचा आवाज.

तो आवाज आजही कानात आहे. मला एकदम कळलं, वडील म्हणत होते ते. बाई काय घेणार होती ते.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर शतावरी आणायला गेलो. टपरी हेर कुंत्स यांची, बाईंच्या शेजारच्यांची. लाल गाल, मोठा आवाज. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाई कशावर लिहितात? ते इतके हसले की तराजू हलला.

"कशावर? आमच्यावर! माझ्या बापाला तिने दुसऱ्या पुस्तकात चाळीस पानं दिली, आणि चाळीसही पानांत तो दारू पितो. आल्झो, म्हणजे तो प्यायचा, पण मधे मधे थांबायचा ना!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्या पुस्तकात थोरली बहीण होती. तिचं लग्न मोडलं, कसं मोडलं, सगळं. नाव बदललेलं, पण गावात बहीण एकच होती. चार गल्ल्या सोडून राहते. पस्तीस वर्षं झाली, दोघी एका बेकरीत जात नाहीत. मुला, तिच्या स्वयंपाकघरात हवापाण्यावर बोल. त्या टेबलावर सांडलेलं सगळं छापून येतं."

बाईंचं ते पहिलं पुस्तक मी वाचनालयातून आणलं. बाईंचे वडीलही माझ्या वडिलांसारखे अंगमेहनतीचे, केमिकलच्या कारखान्यात भट्टीवर होते, आणि गावातून पुढे शिकलेली ती पहिली मुलगी, हे मला मलपृष्ठावरून कळलं. म्हणजे आमचं दोघांचं एकच. हे वाचून खरं तर जवळीक वाटायला हवी होती. मला उलटंच वाटलं. जिने सख्ख्या बहिणीला सोडलं नाही ती माझ्या आईला कशी सोडेल?

रविवारी मी योगेशदादाकडे गेलो. योगेशदादा नागपूरचा, इथे एका कंपनीत केमिस्ट, वहिनी आणि सहा वर्षांच्या सईबरोबर राहतो, आणि मला धाकट्या भावासारखं जेवायला बोलावतो. ऐकून तो ताटावरून उठायचाच बाकी राहिला.

"डाटेनशुत्स! सरळ डाटेनशुत्सचा कायदा! तुझी माहिती तुझ्या परवानगीशिवाय ठेवताच येत नाही या देशात. लेखी विचार तिला."

"अहो, त्या बिचाऱ्या म्हातारीला काय नोटीस पाठवायची?" वहिनी म्हणाल्या.

"बिचारी? सात पुस्तकं आहेत बिचारीची! गेनाऊ, अगदी असंच करतात ही लोकं. आपलं दुःख घेतात, बक्षीस यांना मिळतं." मग सईकडे वळून म्हणाला, "सई, काकाला सांग, चोरी करणं चांगलं की वाईट?"

सईने मान वर न करता जर्मनमधून सांगितलं की कुणाकडून काय घेतलं यावर ते अवलंबून आहे. वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही.

लेखी विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी दुसरं केलं: खोटं सांगायला लागलो. वाटलं, खण खोट्याने भरला की खरं त्यात बुडून जाईल. पुढच्या संध्याकाळी सांगितलं, आई नंतर शिकली. मग शिक्षिका झाली. आठवडाभरात मी तिला मुख्याध्यापिका करून टाकलं. इस्त्रीची कॉटनची साडी दिली, टेबलावर घंटी दिली. बाई ऐकत होत्या, सोलत होत्या. वर मात्र गेल्या नाहीत. एकही दिवस नाही. शेवटी एकदा कांडी फिरवता फिरवता म्हणाल्या, "हेर कांबळे, तुमची मुख्याध्यापिका कागदाची आहे. तिला वास नाही. तुम्ही लिहायला जाऊ नका, किंवा खूप सराव करा."

माझे कान गरम झाले. पकडलं गेल्याची लाज तर होतीच, पण त्याहून राग आला तो या गोष्टीचा, की माझ्या आईने जे भोगलं ते या बाईला चांगला माल वाटतं आणि मी तिला जे सुख देऊ पाहतो त्याला वास नाही.

आज मागे बघताना वाटतं, संशय हे एक प्रकारचं लक्ष देणंच असतं. त्या मोसमात मी बाईंकडे जितकं बघितलं तितकं माझ्या कुठल्या प्राध्यापकाकडे बघितलं नाही. त्या वर्तमानपत्रातले मृत्युलेख आधी वाचत. बसमध्ये लोकांच्या मागे बसत, शेजारी कधी नाही. पोस्टमनशी पाऊण तास बोलत. बेकरीत शिरण्याआधी काचेतून आत बघत, आणि कधी कधी न शिरता परत फिरत. हे शेवटचं मी तेव्हा लबाडी म्हणून टिपून ठेवलं होतं. आत बहीण असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

जूनच्या सुरुवातीला त्या दोन दिवसांसाठी ड्युसेलडॉर्फला गेल्या. तिथे त्यांच्या पुस्तकाचं जाहीर वाचन होतं. मी त्यांची बॅग स्टेशनवर पोचवली, हात हलवला, परत आलो आणि तेरा पायऱ्या चढलो. दुपारचे बारा वाजले असतील. खिडकीतून लख्ख ऊन खणांच्या पितळी मुठींवर पडलं होतं. खणांवर आकडे, नावं नाहीत. मी एकेक ओढत गेलो. बाईंचं हस्ताक्षर जुन्या वळणाचं, मुंग्यांच्या रांगेसारखं. पण चौथ्या ओळीतल्या खणात काही शब्द मी ओळखले, कारण ते मीच दिले होते.

पाच कार्डं होती. एकावर नुसती यादी: कंगवा. बसचा पास. दोन चपात्या, कागदात. अर्धी पेन्सिल. ना विशेषण, ना हळहळ. यादीखाली एक रेघ, आणि रेघेखाली एक प्रश्न:

हे सगळं वाकून उचललं कुणी?

हे मी सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारलंही नव्हतं. मी त्या उन्हात उभा राहिलो आणि मला ते अंगण दिसलं, आई एका गुडघ्यावर बसून एकेक वस्तू उचलताना, आणि मी पायरीवर. मी उठलो नव्हतो. उठायचं असतं हेच सुचलं नव्हतं. पंधरा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता आणि एका परक्या बाईने तो कार्डावर लिहून खणात टाकला होता.

मी पाचही कार्डं उचलली आणि माझ्या वहीत ठेवली. लिहायला जड जातं, पण लिहितो. ज्या आळाने आमची गल्ली सुटली ती गोष्ट माझ्या आईने कधी केली नव्हती. ती मी केली.

बाई परतल्या. मी आळ यायची वाट बघू लागलो. त्या रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशीची न्याहारी, बाग. पहाटे वर खण ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी खाली अंथरुणात ताठ. नऊला त्या खाली आल्या, कॉफी ओतली, म्हणाल्या, "आज बटाटे नवे मिळाले तर बघा." बस. पण त्या दिवसापासून त्यांनी वरच्या खोलीचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. सताड. आधी ते लोटलेलं असे. कुलूप लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. उघड्या दाराचा अर्थ मला लागेना. ही माफी आहे की सापळा? मी जिन्याजवळून जाताना मान खाली घालू लागलो.

चोवीस जूनला शेवटची शतावरी खाल्ली, आणि त्याच आठवड्यात मला विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली. खरं सांगायचं तर मीच धडपड करून मिळवली. निघताना बाई फाटकाशी आल्या. "काही राहिलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, "माझंही नाही." त्यांचा हात कोरडा, उबदार होता. एस-बानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, बसल्यावर अख्खा रस्ता मी त्या दोन शब्दांचा कीस काढत होतो.

मी पुन्हा गेलो नाही. नाताळात कार्ड लिहायला घेतलं, "प्रिय" लिहून थांबलो. या जानेवारीत बाई गेल्या. मला कळलं ते मार्चमध्ये, बसथांब्यावर हेर कुंत्स भेटले तेव्हा. अंत्यविधीला बहीण आली होती म्हणाले. शेवटच्या बाकावर बसली, आधी उठून गेली. "रडली का?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुलाही तिचीच सवय लागली वाटतं, असलं विचारायची."

आणि एप्रिलमध्ये, टपऱ्या लागल्या त्याच आठवड्यात, पत्र आलं. या देशात जाड पाकीट आलं की आधी व्हिसाच्या कचेरीचा शिक्का शोधायचा असतो. हे बाईंच्या प्रकाशनातल्या संपादकबाईंचं होतं. आठवी कादंबरी लिहून झाली आहे. तीत अकरा पानांचं एक प्रकरण वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाईचं आहे. त्या प्रकरणाला टाचणीने लावलेली लेखिकेची चिठ्ठी त्यांनी जशीच्या तशी उतरवली होती. तिचा मतलब असा: मूळ कार्डं हेर कांबळे यांच्याकडे आहेत, ती त्यांच्याकडेच राहू द्यावीत. मी आठवणीवरून लिहिलं आहे. जिच्यावर हे गुदरलं तिने आपल्या भाषेत ते ऐकावं, आणि हो म्हटलं तरच छापावं. नाही म्हटलं तर पानं काढून टाकावीत, पुस्तक तेवढ्या भोकासकट उभं राहील. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी विचारलं नव्हतं.

मी चिठ्ठी तीनदा वाचली, आणि तरीही पहिला विचार काय आला? की ही युक्ती आहे. मेल्यावरही परवानगी मिळवायची सुरेख युक्ती. योगेशदादालाही तेच वाटलं. "सरळ नाही कळव. आईला कशाला त्रास? त्यांना कळणारही नाही." मी आईच्या वतीने दोन ओळींचा नकार लिहिला. माझ्या आईची संमती नाही. दोन दिवस तो संगणकावर पडून होता. मग लक्षात आलं, मी पुन्हा एक मुख्याध्यापिका तयार केली आहे. आई तीच, तोंड माझं.

प्रकरण किती वाईट आहे ते तरी बघू, म्हणून अनुवाद सुरू केला. अकरा पानांना अकरा संध्याकाळी लागल्या. बाईंनी आईचं नाव मीना केलं होतं. पिशवी उलटी होते तेव्हा मीना रडते. आणि मग, शेवटच्या पानावर, पायरीवर बसलेला मुलगा उठतो, अंगण ओलांडतो आणि पेन्सिल उचलून आईच्या हातात देतो. ते वाक्य मी शब्दकोश काढून पुन्हा तपासलं. कार्डावरच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर बाईंना नक्की ठाऊक होतं. तरी त्यांनी मला उठवलं.

मी सगळं माझ्या आवाजात मराठीतून रेकॉर्ड केलं. शेवटी म्हणालो, "आई, हे मी सांगितलंय त्यांना. तुला न विचारता. आणि ते शेवटचं खोटं आहे, मी उठलो नव्हतो. तू नाही म्हणालीस तर ते पान जगात राहणार नाही." आणि पाठवलं.

दोन निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "कामात हाय ती," आणि ठेवला. मला वाटायला लागलं, आईची पिशवी मीच दुसऱ्यांदा उलटी केली. परीक्षेचा अभ्यास होईना. टपरी दिसली की मी रस्ता ओलांडायचो. सातव्या दिवशी मी पुन्हा तो दोन ओळींचा नकार उघडून बसलो.

काल, नवव्या दिवशी, आईचा आवाज आला. मागे भांड्यांचा, बायकांचा गलका होता. जसंच्या तसं लिहितो:

"अमू, उशीर झाला. आधी मी एकटीनं ऐकलं, मग तुझ्या बापाला ऐकवलं, त्यो उठून भाईर जाऊन बसला. मग शेजारच्या आक्कांस्नी ऐकवलं, त्या म्हणल्या पुन्यांदा लाव. मग जुन्या गल्लीत गेले, तिथल्या बायकांस्नी बसवून ऐकवलं. म्हणून उशीर. बाईनं चांगलं लिवलंय. पर मी रडले न्हवते. तेवढं काढाय सांग. त्यांच्या म्होरं मी रडले न्हवते. आणि तू उठला न्हाईस ते ब्येस झालं, तुझाबी खिसा तपासला असता त्यांनी. ऱ्हाऊ दे पुस्तकात, उठू दे. तू सांगितलंस त्याचा मला राग न्हाई. येवढ्या वर्सांत मला येकदाबी इचारलं न्हाईस, त्याचा हाय. आणि ही मीना कोण? मीनावर आळ आलाता व्हय? त्या बायांस्नी कळव, छापा म्हणावं, पर नाव माझं घाला. विमल बाळू कांबळे. पुरं घालाय सांग."